जोळद अप्पा

माझे सासरे इतकं हळू बोलायचे, की चिटगुप्प्याच्या बाजारातला आडत्या त्यांचं म्हणणं ऐकायला गादीवरून पुढं वाकायचा. "अप्पा, जरा जोरात बोला की," असं कुणी म्हटलं तर अप्पा क्षणभर थांबायचे आणि तेच वाक्य पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणायचे. मी उदगीरकडची. आमच्या माहेरी अंगणातून स्वयंपाकघरात चार हाका गेल्याशिवाय पाण्याचा तांब्यासुद्धा हलत नसे. लग्न होऊन मंठाळच्या पलीकडच्या या गावात आले, तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, सगळे माझ्यावर रागावलेत. अप्पा हळू बोलायचे, सासूबाई हळू बोलायच्या. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं. माझे यजमान राजशेखर बाहेर चांगले मोठ्यानं हसणारे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की त्यांचाही आवाज उतरायचा.

एक दिवस माझ्या हातातून परात निसटली आणि फरशीवर वाजत लांब गेली. ओसरीवर बसलेला माझा दीर सिद्धू दोन्ही कान दाबून भिंतीकडं वळला आणि थरथरायला लागला. सिद्धूचं लग्नाआधी मला सांगितलं होतं. तो अंगानं बापापेक्षा थोराड, पण मनानं चार-पाच वर्षांचा. आवाजाचं मात्र कुणी बोललं नव्हतं. अप्पा अंगणातून आले, त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि सांगायला लागले, "परात पडली रे. परातच हाय ती. वैनीच्या हातातून पडली." पोराचे हात कानांवरून खाली येईपर्यंत ते हेच एक वाक्य म्हणत होते. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण त्या दिवसापासून माझाही आवाज खाली आला, तो आजतागायत.

अप्पांची सकाळ ठरलेली. आंघोळ, कपाळावर विभूती, लिंगपूजा. तेवढा वेळ त्यांना हाक मारायची नाही. पूजा झाली की सिद्धूची आंघोळ. एवढ्या मोठ्या गड्याला ते परसात दगडावर बसवायचे, डोक्यावर पाणी ओतण्याआधी "आता पाणी येतंय बघ" असं सांगायचे, अंग पुसायचे, त्याच्याही कपाळाला विभूती लावायचे. मग त्याच्या ताटात भाकरी बारीक कुस्करून, वर आमटी घालून, तो पुरता जेवेपर्यंत समोर बसून राहायचे. स्वतःचं ताट त्यानंतर. सोयऱ्यांच्या एका लग्नाआधी कुणीतरी अव्वांना बाजूला घेऊन म्हणालं, की पोराला तेवढं घरी ठेवून या, पंगतीत बरं दिसत नाही. अप्पांच्या कानावर ते गेलं. ते चिडले नाहीत. "त्याला जिथं पाट न्हाई तिथं मला बी न्हाई," एवढंच म्हणाले, आणि गेले नाहीत.

गावात त्यांना पाठीमागं ‘जोळद अप्पा’ म्हणत. जोळ म्हणजे कन्नडात ज्वारी. आमच्या शिवारात आता सगळीकडं सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. अप्पांचं ओढ्याकाठचं काळं रान तेवढं पावसाळाभर मोकळं राहायचं आणि पाऊस सरल्यावर त्यात ज्वारी पडायची. मोकळ्या रानाकडं बघून येणारेजाणारे हळहळत. कट्ट्यावरची पोरं मोठ्यानं विचारत, "काय जोळद अप्पा, औंदा बी जवारीच का?" अप्पा मान डोलवून म्हणायचे, "चांगलं नाव ठेवलाव रे. खायचंच नाव हाय." आणि चालायला लागायचे.

यामागची गोष्ट मला अव्वांनी सांगितली. माझं लग्न होण्याआधीच्या एका उन्हाळ्यात सिद्धू हरवला होता. रानात काम नव्हतं, तो गावभर भटकायचा, पोरं त्याच्यामागं डबे वाजवायची. एक दिवस तो रस्त्याला थांबलेल्या लॉरीत चढून बसला. लॉरीवाल्याला पत्ता नाही. अप्पा आणि राजशेखर हुमनाबादच्या हमरस्त्यावरचा एकेक धाबा पायाखाली घालत फिरले. शेवटी एका धाब्याच्या मागं, उभ्या लॉरीच्या खाली सिद्धू सापडला. हॉर्नच्या आवाजानं कान गच्च दाबून, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. धाब्याच्या मालकानं त्याच्याजवळ रोटी ठेवली होती, ती तशीच होती. घरी आणल्यावर भावकीतल्या एका शहाण्यानं सुचवलं, की पायात दावं बांधत चला. अप्पा म्हणाले, "दावं मी बैलाला बी रात्रीच लावतो."

त्या हिवाळ्यात ज्वारी दाण्यावर आली, तेव्हा त्यांनी सिद्धूला रानात नेलं, राखणीच्या उंच माळ्यावर बसवलं आणि हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. दुसऱ्याचा आवाज त्याला सोसत नसे, पण स्वतःच्या हातानं केलेल्या आवाजाची त्याला भीती नव्हती. पाखरांचा थवा कणसांवर उतरायला लागला की तो डबा बडवायचा, थवा उठायचा, आणि हा हसायचा. दिवस मावळेपर्यंत जागेवरून हलला नाही. घरी आल्यावर उंबऱ्यातूनच ओरडला, "गेली! अप्पा, गेली!" त्याला येणाऱ्या मोजक्या शब्दांतला हा एक. अप्पांनी विचारलं, "सगळी?" म्हणाला, "सगळी!" अव्वा म्हणाल्या, "लॉरीखालून आणल्यापासून त्या दिवशी अप्पा पहिल्यांदा पोटभर जेवले."

पुढं गावानं ज्वारी सोडली, ती पाखरांपायीच. राखायला माणूस नाही, कापायला माणूस नाही. एकट्या आमच्या रानात ज्वारी उभी राहिली, तशी आसपासच्या गावांची पाखरंही आमच्याकडंच यायला लागली. सिद्धूला काम वाढलं. हिवाळ्याचे दोन-तीन महिने तो सरकारी नोकरासारखा वेळेवर उठायचा. बाकीच्या महिन्यांत अप्पा त्याला त्याच मोकळ्या रानात घेऊन जात, ढेकळं फोडायला लावत, आणि सांगत, "इथं जवारी येणार हाय. तुझी जवारी." तो वाट बघायला शिकला.

राजशेखर यांचं हुमनाबादला वेल्डिंगचं दुकान. रोज ये-जा करायचे, रस्त्यानं दुसऱ्यांची रानं बघत यायचे. एका संध्याकाळी ते बोललेच. मी चुलीपुढं भाकरी थापत होते.

"अप्पा, सगळा गाव सोयाबीन घ्यायलाय. आपणच कामून रान मोकळं ठेवायलाव?"

"जवारीसाठी."

"कापायला बाया मिळंनात. निम्मं तर पाखरं खायलेत."

"खाऊ दे. तुला भाकरी मिळायलीय न्हवं?"

"भाकरीचं न्हाई ओ अप्पा! लोक हसायलेत. पाखरांसाठी पेरायलाव का तुम्ही?"

शेवटचं वाक्य मोठ्यानं गेलं. सिद्धू ओसरीवरून उठला आणि कान दाबून गोठ्यात जाऊन उभा राहिला. अप्पांनी तिकडं बघितलं, मग मुलाकडं.

"सोयाबीनला राखण लागत न्हाई, राजू."

"तेच तर म्हणायलोय की मी!"

"मग त्यानं काय करावं?"

माझ्या तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. थोड्या वेळानं राजशेखर उठून गोठ्यात गेले आणि भावाला हाताला धरून जेवायला घेऊन आले. सोयाबीनचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या हिवाळ्याआधी त्यांनी दुकानात लोखंडी अँगल जोडून नवा माळा केला आणि टेंपोत घालून रानात आणला. जुना बाभळीचा माळा कुजून हलत होता. पण सिद्धू लोखंडाला हात लावेना. पायरीवर पाय पडला की खण्णकन वाजायचं आणि तो मागं सरायचा. तेव्हा धोतर सावरत अप्पा स्वतः वर चढले आणि दिवसभर पाय खाली सोडून बसून राहिले. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून हसली. भाकरी घेऊन गेले तेव्हा मी म्हटलं, "अप्पा, खाली या, ऊन लागायलंय." तर वरून म्हणाले, "मी भ्यालो न्हाई हे त्याला दिसू दे." दुसऱ्या दिवशी सिद्धू चढला.

मला मुलगी झाली, तेव्हा मी मनातून घाबरले होते. लहान लेकरू रडणार, आणि याला आवाज सोसत नाही. अप्पांनी ते ओळखलं असावं. त्यांनी सिद्धूला पाळण्याजवळ बसवून सांगितलं, "ही लहान हाय. हिला राखायचं." त्यानंतर ती कितीही रडली तरी त्यानं कानांवर हात ठेवले नाहीत. घाम फुटायचा, ओठ दाबून धरायचा, पण पाळण्याची दोरी सोडायचा नाही.

अप्पा थकत चालले होते. चालताना बांधावर बसावं लागायचं. एक दिवस मी दारात धान्य निवडत होते, ते येऊन पायरीवर टेकले. सासरे-सुनेचं बोलणं आमच्यात कामापुरतं. त्यांनी माझ्याकडं न बघताच सुरुवात केली.

"माय, एक सांगतो. वचन मागत न्हाई."

मी पदर सावरला.

"माझ्यामागं जवारी पेरा म्हणून म्हणणार न्हाई. तुमचा संसार हाय, तुम्हाला पटंल ते पेरा. फक्त त्याला काहीतरी राखायला द्या. बिनकामाचं बसवून नुसतं जेवायला घालू नका."

मी "हो अप्पा" म्हटलं. त्यांना तेवढं पुरेसं वाटलं, असं दिसलं.

त्याच वर्षी शिवरात्रीला मी आणि अव्वा मठातून येत होतो. अव्वा वाटेत लिंबाखाली थांबल्या. म्हणाल्या, "मी देवाजवळ काय मागते ठावं हाय का तुला? आधी त्याला ने, मग मला. जन्म देऊन असं मागायलेय मी." त्यांचा चेहरा अगदी कोरडा होता. मग माझा हात धरून म्हणाल्या, "अप्पांना सांगू नको. त्यांचा जीव फाटंल." मी म्हटलं, "न्हाई सांगणार."

आणि त्याच श्रावणात सिद्धूला ताप आला. साधा वाटला, पण छातीत उतरला. बिदरच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं चाकांच्या खाटा, घंटा, माणसांचा गलका. सिद्धूच्या हातांना सुया लावलेल्या, त्यामुळं कान झाकता येईनात. अप्पा त्याच्या उशाशी उभे राहिले आणि आपल्या तळहातांनी त्याचे कान झाकले. नर्सबाई स्टूल देत होती, पण बसलं की हात पोचेनात, म्हणून बसले नाहीत. कानावरचा एक हात थोडा उचलून ते आत हळूच बोलायचे, "पाऊस सरला की जवारी टाकू. पाखरं वाट बघायलेत तुझी." डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सिद्धू गेला. अप्पांचे हात नंतरही बराच वेळ त्याच्या कानांवर होते. राजशेखरनी ते सोडवले.

आमच्यात, लिंगायतांत, बसवून पुरतात. ओढ्याकाठच्या रानात, ज्या कोपऱ्यात माळा होता तिथं खड्डा घेतला, आणि त्याला बसवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, आम्ही मूठ मूठ माती टाकली. अव्वा रडल्या नाहीत. बाया म्हणाल्या, धक्का बसलाय, रडेल नंतर. पण नंतरही त्या रडल्या नाहीत. अप्पा आणि अव्वा एकमेकांना जेवायला वाढत, औषध देत, पण समोरासमोर बसेनात. एक ओसरीवर असलं की दुसरं परसात. इतक्या वर्षांचा संसार केलेली दोन माणसं एकमेकांची नजर चुकवत घरात वावरत होती, आणि ते का, हे मला कळत नव्हतं.

पाऊस सरला. रान पेरणीला तयार होतं. एका संध्याकाळी राजशेखर दुकानातून आले ते मोटरसायकलवर ज्वारीच्या बियाण्याची पिशवी घेऊनच. ती त्यांनी अप्पांच्या पुढ्यात ठेवली. ज्यांनी या पिकावरून बापाशी तोंड वाजवलं होतं, त्यांनीच ती न सांगता आणली होती. अप्पांनी पिशवीवरून हात फिरवला.

"हरभरा टाक, राजू," ते म्हणाले.

"अप्पा, मी स्वतः राखीन. माणूस लावीन."

"न्हाई. हरभरा टाक."

आणि त्या वर्षी आमच्या रानात हरभरा पडला. थंडीत पाखरांचे थवे सवयीनं आले. ओढ्यावरच्या बाभळींवर बसले, रानावरून एक-दोन गिरक्या घेतल्या आणि निघून गेले.

त्या वर्षीची येळवस ही अप्पांची शेवटची. येळवस म्हणजे आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येचा रानातला सण. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून आत पूजा, आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि येईल त्याला जेवायला घालायचं. आम्हाला कोपीसाठी कडबा दुसऱ्याकडून आणावा लागला. पूजा झाली, राजशेखर मुलीला खांद्यावर घेऊन रानाभोवती आंबील शिंपडत निघाले, अव्वा कोपीपाशी पाहुण्यांचं बघत होत्या. अप्पा कुठं दिसेनात. मी ताट घेऊन शोधत गेले, तर ते सिद्धूच्या मातीपाशी बसलेले.

"जेवून घ्या, अप्पा."

"ठेव. बस माय जरा."

मी थोडं अंतर ठेवून बसले.

"मला एकच भीती होती," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली होता, की मला पुढं वाकावं लागलं. "मी आधी गेलो तर ह्याचं काय. म्हणून रोज पूजेला बसलो की सांगायचो, ह्याला माझ्याआधी ने. रोज सांगायचो. जवारी पेरायचो, ह्याला जेवू घालायचो, आणि रोज ते मागायचो." त्यांनी मातीवर हात ठेवला. "देवानं ऐकलं. आता हिला तोंड कसं दाखवू? हिच्या पोटच्या पोराचं मरण मागितलं मी."

मी अव्वांना शब्द दिला होता. लिंबाखाली त्यांनी धरलेला माझा हात मला आठवला. समोर अप्पांची बोटं मातीत रुतत चालली होती. मला वाटलं, हा शब्द आता पाळला तर ही दोन माणसं अशीच एकमेकांपासून तोंड लपवत मरतील.

"अप्पा," मी म्हटलं, "अव्वा बी तेच मागत होत्या."

त्यांनी मान वर केली.

"शिवरात्रीला मठातून येताना मला सांगितलं त्यांनी. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. तुमचा जीव फाटंल म्हणाल्या."

अप्पा माझ्याकडं बघतच राहिले. मग जमिनीला हात टेकून उठले. मी आधार द्यायला पुढं झाले, पण त्यांनी घेतला नाही. हरभऱ्यातून वाट काढत ते सरळ कोपीकडं गेले. अव्वा कुणाच्या तरी वाटीत आंबील ओतत होत्या. अप्पा त्यांच्याजवळ, अगदी खांद्याला खांदा लागेल असे, खाली बसले. लोकांसमोर ते असे कधी बसले नव्हते. पाहुण्या बाया पदर सावरून उठल्या आणि बाजूला झाल्या. अप्पा काहीतरी बोलले. अव्वांच्या हातातली पळी मडक्यात सुटली. त्यांनी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग त्यांचं रडणं ऐकू आलं. सिद्धूला नेला त्या दिवशी जे आलं नव्हतं ते सगळं, मोकळं, पार ओढ्यापलीकडं जाणारं. अप्पांनी त्यांना गप्प केलं नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून ते बोलत राहिले, मध्येच थांबत, मध्येच धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत. थोड्या वेळानं अव्वाही बोलायला लागल्या.

आवाज ऐकून शेजारच्या रानातली दोघं-तिघं बांधापर्यंत धावत आली. राजशेखरही मुलीला घेऊन तिकडून येत होते. मी पुढं होऊन सगळ्यांना बांधावरच अडवलं.

"काय झालं वो? कामून रडायलेत?" शेजारणीनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हटलं. "दोघं बोलायलेत. जरा थांबा."